कोनस टेक्स्टाइल की जिओग्राफस? ओळख, सफाई आणि विषाबद्दल चार प्रश्न

वाळूघड्याळ

एका जुन्या संग्रहातले दोन कोन शंख आहेत. चिठ्ठी एकासोबतही नाही, त्यामुळे सुरुवात ओळखीपासूनच करायची आहे.

शंख १ : लांबी ९२ मिमी. हाताला जड. पिवळसर तपकिरी रंग आणि त्यावर पांढरे त्रिकोणच त्रिकोण. निम्म्या भागावर मातकट, खरखरीत पापुद्रा चिकटलेला आहे. आतून कुजका वास येतो.

शंख २ : लांबी १०८ मिमी, पण पहिल्यापेक्षा हलका. तोंड खालच्या बाजूला चांगलंच पसरट. फिकट गुलाबीसर पांढऱ्यावर तपकिरी ढग आणि बारीक जाळी. टोकाकडे पांढरी पूड धरते. पुसली तर जाते, पण महिन्याभरात परत येते.

प्रश्न असे :
१. जाती नेमक्या कोणत्या?
२. पहिल्याचा पापुद्रा कसा काढायचा? व्हिनेगरमध्ये बुडवा असं एके ठिकाणी वाचलं.
३. वास येतोय म्हणजे आत काहीतरी उरलंय. त्यात विष असू शकतं का?
४. ती पूड म्हणजे बुरशी का?

---

ओहोटीरेषा

सगळ्यात आधी : व्हिनेगर नको. का ते कोणीतरी सविस्तर लिहीलच, मी फक्त ओळखीचं लिहितो.

पहिला कोनस टेक्स्टाइल असण्याची शक्यता खूप आहे. पण पांढरे त्रिकोण दिसले की टेक्स्टाइल म्हणून मोकळं होऊ नका, 'तंबू' नक्षीचे कोन शंख पुष्कळ आहेत. त्रिकोणांकडे नंतर बघा, आधी त्यांच्यामधले पिवळे-तपकिरी पट्टे भिंगाखाली धरा. टेक्स्टाइलमध्ये त्या पट्ट्यांवरून शंखाच्या लांबीच्या दिशेने गडद तपकिरी, नागमोडी रेघा जातात, जणू शाई वाळायच्या आत कोणी कागद हलवला. असे पट्टे साधारण दोन किंवा तीन असतात. रेघा नसतील आणि मोठे पांढरे तंबू चॉकलेटी रंगावर असतील, तर कोनस ऑलिकसचा विचार करा. शंख लहान असून तोंडाच्या आत गुलाबी झाक असेल तर कोनस कॅनोनिकस. टेक्स्टाइलचं तोंड आतून पांढरं असतं.

मग खांद्यावरून, म्हणजे शेवटचा वेढा जिथे शिखराकडे वळतो त्या कडेवरून, नख फिरवा. टेक्स्टाइलचा खांदा गुळगुळीत आणि गोलसर लागतो. गाठी लागल्या तर तो टेक्स्टाइल नाही. काळ्यावर पांढरे तंबू आणि खांद्याला गाठी असा कोनस मार्मोरियस असतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० मध्ये तोच कोरला होता. ताम्रपटावर समोरचा शंख जसाच्या तसा उतरवला, छापताना तो उलटला आणि चित्रातला शंख डावखुरा झाला. सही मात्र त्याने आठवणीने उलटी कोरली होती, ती बरोबर वाचता येते!

९२ मिमी हे टेक्स्टाइलसाठी अगदी नेहमीचं माप आहे, मोठे १५० मिमीपर्यंत जातात. पट्टी शंखाच्या वळणावर टेकवून मोजू नका. शिखराच्या टोकापासून विरुद्ध टोकापर्यंत सरळ रेषेत, व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

शिखर उंच, निमुळतं आणि त्रिकोण अगदी मोहरीएवढे बारीक असतील तर 'कोनस ग्लोरियामॅरिस तर नाही?' असं प्रत्येकाला वाटतं. १९६९ मध्ये सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनालच्या उत्तरेला डायव्हर्सना त्याची वस्ती सापडेपर्यंत तो जगातल्या सर्वांत दुर्मीळ शंखांत गणला जायचा, म्हणून नावाला अजून वलय आहे. पण तुमचं 'जड, पिवळसर तपकिरी' हे वर्णन त्याच्याशी जुळत नाही. तो सडपातळ असतो.

दुसरा कोनस जिओग्राफस. आकारमानाने मोठा, वजनाने हलका, पातळ कवच, खाली पसरत जाणारं तोंड आणि चपट्या शिखराच्या कडेला बारीक गाठींची रांग : पाचही खुणा एकत्र असल्या की दुसरं काही उरत नाही. त्याचा जवळचा नातलग कोनस ट्युलिपा लहान असतो आणि त्याच्यावर वेढ्यांच्या दिशेने तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. तुमच्याकडे जाळी आणि ढग आहेत, १०८ मिमी लांबी आहे, तेव्हा ट्युलिपा बाद.

तोंड एवढं पसरट का, तर हा मासे अख्खे गिळतो. तोंडाचा पडदा घंटेसारखा फुगवून लहान मासे आत घेतो आणि मग एकेकाला टोचतो. टेक्स्टाइल दुसऱ्या गोगलगायी खातो, त्याचं काम अरुंद फटीत भागतं.

---

चुनखडी

सफाईचं मी सांगते. लांबलचक होईल, पण यात घाई करणारेच शंख घालवतात.

तो पापुद्रा म्हणजे घाण नव्हे. पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात त्याला. जिवंतपणी प्रत्येक कोन शंखावर तो असतो, प्रथिनाचा बनलेला असतो आणि खालचं कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. काय वापरायचं हे यावरूनच ठरतं. प्रथिन विरघळवेल पण चुन्याला हात लावणार नाही असं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे ब्लीच. व्हिनेगर बरोबर उलटं वागतं : पापुद्रा तसाच राहतो आणि त्याच्या भेगांतून ॲसिड खालच्या कवचाला खातं. बुडबुडे येताना दिसतात, लोकांना वाटतं सफाई चाललीय. ते बुडबुडे म्हणजे तुमचा शंख वायू होऊन निघालाय! चकाकी सगळ्यात वरच्या थरात असते. तो गेला की तेल, मेण, काहीही लावा, परत येत नाही.

क्रम असा ठेवा.

आधी तोंडात डोकावून झाकण आहे का बघा. कोन शंखाचं झाकण तोंडाच्या मानाने अगदी चिमुकलं असतं, नखाच्या कातरणासारखं अरुंद, शिंगासारख्या पदार्थाचं. तेही प्रथिनच, म्हणजे ब्लीचमध्ये विरघळणार. सापडलं तर बाजूला काढून ठेवा. झाकणासकट असलेला शंख अभ्यासासाठी जास्त कामाचा.

मग वास. कोन शंखाला आत बरेच वेढे असतात, तार शिखरापर्यंत वळत नाही. तार खुपसू नका, कारण हा प्राणी वाढताना आतल्या जुन्या भिंती स्वतःच विरघळवून कागदासारख्या पातळ करतो. बाहेरून दणकट दिसणारा शंख आतून तसा नसतो. तोंड वर करून साध्या पाण्याने भरा, दिवसभर ठेवा, मग सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने आत जोरात पाणी मारा आणि तोंड खाली करून झटका द्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत रोज हेच. चार-पाच दिवसांतही वास हटला नाही तर ७० टक्के अल्कोहोल भरून दोन दिवस ठेवा आणि पूर्ण सुकवा. वास दाबायला तोंडात कापूस कोंबायची एक पद्धत दिसते, ती सोडा. कापूस ओल धरून ठेवतो.

आता ब्लीच. घरगुती, बिनवासाचं, बिनरंगाचं. एक भाग ब्लीच, एक भाग पाणी. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. शंख पूर्ण बुडला पाहिजे, अर्धवट बुडवलात तर पाण्याच्या रेषेवर डाग राहू शकतो. तोंड वर करून तिरका सोडा म्हणजे आतली हवा निघून जाईल. खिडकी उघडी, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. ब्लीचच्या भांड्याजवळ व्हिनेगर किंवा कोणतंही ॲसिड आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचं क्लीनरही नको.

दर अर्ध्या तासाने बाहेर काढून बघा. पापुद्रा आधी फुगतो, मग कडेने सुटून पाण्यात तरंगतो. टेक्स्टाइलचा पातळ असतो, दोन ते चार तासांत बहुतेक निघतो. राहिलेला जुन्या दातघाशीने, पाण्याखाली धरून काढा. रात्रभर विसरून जाऊ नका. एका रात्रीत शंख मरत नाही, पण दिवसचे दिवस ठेवला तर तकाकी उतरते.

पापुद्रा गेल्यावर खाली पांढऱ्या चुन्याच्या नळ्या किंवा गुलाबी खपल्या दिसल्या तर त्या किड्यांच्या नळ्या आणि चुनाधारी शेवाळ. त्यांना ब्लीच काही करत नाही, कारण तो चुनाच आहे. भिंगाखाली दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी बारीक टोकदार सळी घ्या, ती शंखाला जवळजवळ समांतर धरा आणि खपलीच्या कडेखाली सरकवून उचका. वरून दाबलंत की चरा पडला. निघत नसेल तर राहू द्या. खपलीचा डाग चऱ्यापेक्षा बरा.

शेवटी साध्या पाण्यात रात्रभर, पाणी दोन-तीनदा बदलून. सावलीत तोंड खाली करून तीन दिवस सुकवा. उन्हात नको, रंग उडतो. उकळत्या पाण्यातही टाकू नका, गुळगुळीत शंखांना एकदम तापवल्याने केसासारख्या तडा जातात. पूर्ण सुकल्यावर लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब मऊ कापडावर घेऊन चोळा, एक दिवस ठेवा, जास्तीचं पुसून टाका. खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल नको, खवट होतं. व्हार्निश तर अजिबात नको.

एक मत : पापुद्रा अख्खा असता तर मी काढू नका म्हटलं असतं. निम्मा गेलाच आहे, काढा.

---

भालाफेक

प्रश्न ३ चं उत्तर दोन वाक्यांत : विष शंखाच्या कवचात नसतं, मऊ शरीरात असतं. धुऊन सुकवलेला रिकामा शंख कपाटातल्या चिनीमातीच्या कपाइतका निर्धोक आहे. आता 'पण'.

आत एक लांब गुंडाळलेली नळी असते, तिच्यात विष बनतं. नळीच्या एका टोकाला स्नायूचा फुगा, तो दाबून विष पुढे ढकलतो. शेजारी एक पिशवी, तिच्यात तयार दात रचून ठेवलेले. दात म्हणजे कायटिनची गुंडाळी करून केलेला पोकळ, काटेरी भाला. एका वेळी एक दात सोंडेच्या टोकाशी येतो आणि भक्ष्यात घुसतो. मासे खाणाऱ्या बहुतेक जाती दात धरून ठेवतात आणि मासा ओढून घेतात. टेक्स्टाइल दात सोडून देतो आणि एकाच गोगलगायीला लागोपाठ कितीतरी मारतो. शंखात कुजलेलं मांस असेल तर त्यात हे दात असू शकतात, म्हणून सिरिंजने धुताना जाड हातमोजे घाला आणि बोट आत घालू नका. एवढीच काळजी.

खरा धोका जिवंत कोन शंख उचलण्यात आहे. 'रुंद बाजूने धरला की सुरक्षित' हा सल्ला अजून फिरतो. चुकीचा आहे. सोंड लवचीक आणि लांब असते, कवचाच्या बहुतेक भागापर्यंत वळून पोचते. शिवाय बाहेर दिसणारी रंगीत नळी, जी टेक्स्टाइलमध्ये पांढरी, मध्ये काळा पट्टा आणि टोक लाल अशी असते, ती सोंड नव्हे. तिने तो पाणी आत घेतो आणि वास काढतो. लोक त्या नळीवर नजर ठेवतात आणि सोंड खालून येते. कापडी हातमोजा किंवा पातळ वेटसूट भरवशाचा नाही. खिशात किंवा मांडीला घासणाऱ्या जाळीच्या पिशवीत टाकू नका.

१९३५ ची ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावरची घटना वैद्यकीय नोंदींत आहे आणि तुमच्या प्रश्न २ शी तिचा थेट संबंध आहे. तिथे एका तरुणाने जिवंत जिओग्राफस तळहातात धरला होता आणि सुरीने त्याचा पापुद्रा खरवडत होता. तळहातावर एक बारीक टोचल्याची खूण, दुखणं अजिबात नाही, फक्त बधिरपणा. दहा मिनिटांत ओठ ताठरले, विसाव्या मिनिटाला एकाचे दोन दिसू लागले, अर्ध्या तासात पाय लुळे पडले, तासाभरात बेशुद्धी. पाचेक तासांत मृत्यू. दुखलं नाही म्हणजे गंभीर नाही, हा समज इथेच मोडतो.

दोन जातींत फरक करायचाच तर जिओग्राफस माणसाला मारतो, हे निर्विवाद. नोंदवलेले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच्याच नावावर आहेत. त्याचं विष माशांसाठी, म्हणजे पाठीचा कणा असलेल्यांसाठी घडलेलं. त्यातला एक घटक स्नायूपर्यंत येणारा चेतासंदेश अडवतो, दुसरा स्नायूतल्या सोडियमच्या वाटा बंद करतो. टेक्स्टाइलचं विष गोगलगायींवर बेतलेलं आहे. त्याच्या डंखाने जबर त्रास होतो, आणि निसर्ग अभ्यासक रुम्फियसच्या १७०५ च्या ग्रंथात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या एका गुलाम स्त्रीचा जो मृत्यू आहे तो टेक्स्टाइलमुळे मानतात, पण जिओग्राफसइतका पक्का पुरावा त्याच्यामागे नाही. हाताळताना मात्र दोघांना एकच नियम.

प्रतिविष नाही. म्हणून उपचार म्हणजे विष ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवणं. डंख बसला तर :

माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. १० ते १५ सेंमी रुंदीची इलॅस्टिक पट्टी बोटांच्या टोकांजवळून सुरू करून पूर्ण हातभर किंवा पायभर गुंडाळा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट. नखं उघडी ठेवा आणि त्यांचा रंग बघत राहा. निळी पडली तर पट्टी जास्त घट्ट झालीय. फळी लावून अवयव हलणार नाही असा बांधा. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोचेपर्यंत पट्टी सोडायची नाही. श्वास मंदावला की तोंडाने श्वास द्या आणि थांबू नका, तासन्‌तास लागला तरी. रुग्णाला पापणी हलवता येत नाही तेव्हाही तो ऐकत असू शकतो, त्याच्याशी बोलत राहा. चिरा पाडणं, चोखणं, दोरीने आवळून रक्त बंद करणं, यातलं काहीही नको. गरम पाण्याने दुखणं कमी होतं, पण लकवा थांबत नाही, त्यात वेळ घालवू नका.

---

वाळूघड्याळ

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. नागमोडी रेघा आहेत आणि खांदा गुळगुळीत, म्हणजे टेक्स्टाइलच. जिओग्राफसच्या खांद्यावर गाठीही आहेत.

पुडीचं राहिलं. आणि एक नवीन : टेक्स्टाइलच्या तोंडाची बाहेरची कड संशय यावा इतकी सरळ आहे. घासलेली असू शकते का?

---

चुनखडी

पूड बुरशी नव्हे. त्याला 'बाइनचा रोग' म्हणतात. बाइन या ब्रिटिश अभ्यासकाने १८९९ मध्ये वर्णन केलं तेव्हा त्याला तो संसर्ग वाटला, म्हणून नावात रोग राहिला. प्रत्यक्षात लाकडी कपाट, प्लायवूड, पुठ्ठा, बूच यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ निघत राहते आणि बंद खणात शंखाच्या चुन्याशी तिची प्रक्रिया होते. दमट हवेत जास्त. ओक लाकूड सगळ्यात वाईट. म्हणजे तुम्ही व्हिनेगरमध्ये बुडवला नाहीत तरी कपाट ते काम सावकाश करत होतं. पुसून उपयोग नाही तो यासाठीच.

शंख नीट धुतला नसेल तर समुद्राचं मीठही असंच फुलून येतं. फरक बघायचा तर पूड पुसून भिंग लावा. खालची तकाकी शाबूत असेल तर मीठ, खडबडीत आणि बारीक खड्डे दिसले तर बाइन. उपाय दोन्हीला एकच. मऊ ब्रशने झटका, डिस्टिल्ड पाण्यात २४ तास ठेवा, पाणी एकदा बदला, आठवडाभर सुकवा. पडलेले खड्डे भरून येत नाहीत. जिओग्राफस पातळ आहे, त्याला आधी हातात घ्या, टेक्स्टाइल थांबू शकतो.

मग जुन्या खणात परत ठेवू नका, नाहीतर दोन महिन्यांनी इथेच हाच प्रश्न विचाराल. पॉलिथिनची झिप पिशवी, पॉलिस्टायरीनची पारदर्शक डबी, काच, पत्र्याचे खण, सगळं चालतं. आतली चिठ्ठीही ॲसिडमुक्त कागदावर, पेन्सिलने.

---

ओहोटीरेषा

कडेबद्दल : वाढीच्या रेषा बघा. कोन शंखावर कडेला समांतर अशा अगदी बारीक रेषा असतात, प्रत्येक रेषा म्हणजे एकेकाळची कड. कड नैसर्गिक असेल तर शेवटच्या रेषा तिच्यासोबत हलक्याच वळतात. घासलेली असेल तर रेषा तिरक्या येऊन कडेला कापल्या जातात. दुसरी खूण म्हणजे नखाने कड चाचपा : खरी कड पातळ होत जाते, घासलेली बोथट आणि एकाच जाडीची लागते.

नक्षीही मदत करते. हा प्राणी कडेवर एकेक ओळ रंगवत जातो आणि नवी ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून असते. टेक्स्टाइलची नक्षी संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रामच्या 'नियम ३०' च्या (प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून ठरवणारा साधा नियम) आकृत्यांसारखी दिसते ती याच कारणाने. म्हणून नैसर्गिक कडेशी बहुतेक त्रिकोण अर्धवट वाढलेले, पण बारीक काठासकट दिसतात. घासलेल्या कडेशी ते सुरीने कापल्यासारखे संपतात. गंमत म्हणजे ही सगळी कलाकुसर जिवंतपणी पापुद्र्याखाली झाकलेली असते आणि हा प्राणी दिवसा बराच वेळ वाळूत किंवा दगडाखाली दडून असतो. बघणारं कोणी नसतं.

घासलेली निघाली तर फेकू नका. चिठ्ठीवर 'कड घासलेली' असं स्पष्ट लिहा, माप ९२ च्या पुढे 'मूळ लांबी नव्हे' असं जोडा. कुठून मिळाला, किती खोलीवरून, कोणत्या तारखेला, यातलं जे माहीत नाही त्या जागा रिकाम्या सोडा, अंदाजाने भरू नका.

---

भालाफेक

जाता जाता, दुसऱ्या खणात 'कोनस' म्हणून ठेवलेले आणखी शंख असतील तर तेही तपासा. स्ट्रॉम्ब कुळातला लुहुआनस आकाराने हुबेहूब कोन शंखासारखा असतो आणि जुन्या संग्रहांत हमखास चुकीच्या डबीत सापडतो. तोंड आतून नारिंगी-लाल, आतल्या कडेला काळपट पट्टा आणि बाहेरच्या ओठाला खालच्या बाजूला एक खाच : अशी खाच कोन शंखाला नसते. तो शेवाळ खातो, भाला वगैरे काही नाही. पण पाण्यात ओळखायला गेलात तर आधी कोन शंख समजूनच लांब चिमट्याने उलटा करा. खाचेतून देठावरचा डोळा बाहेर आला आणि कोयत्यासारखं झाकण वाळूत रोवून त्याने उडी मारली, तर तो स्ट्रॉम्ब.